पानाच्या पाठची बाजू : वाचकांच्या प्रश्नांना उत्तरं

गेल्या अंकात वेबपानाचा मजकूर मांडणारी एचटीएमएल आणि त्याला रंगरूप देणारी सीएसएस यांची तोंडओळख करून दिली, त्यावर पत्रं आली. सगळ्यांना उत्तर द्यायला जागा पुरणार नाही, म्हणून पुन्हा पुन्हा आलेले प्रश्न घेते आहे. एक सोय लक्षात ठेवा. टॅगांची, म्हणजे एचटीएमएलमधल्या खुणांची, नावं आपण बोलतो तशी इथे देवनागरीत छापली आहेत. टाइप करताना ती रोमन लहान अक्षरांत, कोनी कंसात टाकायची.

मी एकसष्ट वर्षांचा निवृत्त गणितशिक्षक आहे. भूमितीच्या माझ्या टिपणांची वेबपानं स्वतः करावीत असं मनात आहे. मुलगा म्हणतो, आधी प्रोग्रॅमिंग शिका. या वयात ते जमेल का? सुरुवात नेमकी कुठून करू?

सर, मुलाने सल्ला चांगल्या मनाने दिला आहे, पण तुमच्या कामाला त्याची गरज नाही. एचटीएमएल, म्हणजे हायपरटेक्स्ट मार्कअप लँग्वेज, ही प्रोग्रॅमिंगची भाषा नव्हे. तिच्यात आकडेमोड नाही, ‘असं असेल तर तसं कर’ नाही. ती खुणा करण्याची भाषा आहे. नावातल्या ‘मार्कअप’चा अर्थच तो.

मी या कामात आले ती छापखान्यातून. अकरा वर्षं मुद्रितशोधन केलं. हस्तलिखित कंपोझला जाण्याआधी समासात लाल शाईने खुणा करायच्या: हा मथळा, हा उपमथळा, इथे नवा परिच्छेद, हा शब्द ठळक. त्या खुणा वाचकासाठी नसत, जुळाऱ्यासाठी असत. छापील पानावर त्यातली एकही दिसत नसे, पण पान उभं राही ते त्यांच्याच आधाराने. इंग्रजी छापखान्यांत या कामाला मार्कअप म्हणत, आणि संगणकावर मजकूर आला तेव्हा शब्दही सोबत आला. १९८६ साली अशा खुणांच्या भाषेचं एक आंतरराष्ट्रीय मानक झालं, एसजीएमएल. स्वित्झर्लंडमधल्या सर्न या संशोधन संस्थेत टिम बर्नर्स-ली यांनी वेबची कल्पना मांडली ती १९८९ मध्ये, आणि पानांसाठी त्यांनी याच वळणाच्या खुणा घेतल्या. १९९१ मधली त्यांची यादी जेमतेम अठरा टॅगांची होती. एच-वन ते एच-सिक्स हे मथळे, पी हा परिच्छेद, यूएल आणि एलआय ही यादी, ए हा दुवा. हे सगळे आजही रोज वापरात आहेत. जगातल्या पहिल्या वेबपानाची जुनी प्रत सर्नने २०१३ साली मूळ पत्त्यावर परत ठेवली. ती आजच्या फोनवर उघडून पाहा. तेव्हा असले फोन नव्हते, तरी मजकूर पडद्याच्या रुंदीत मुकाट बसतो. खुणा साध्या आणि खऱ्या असल्या की पान किती टिकतं, हे मला त्या पानाने शिकवलं.

आता तुमची सुरुवात. नोटपॅडसारखं अगदी साधं काहीतरी उघडा. इंटरनेट नसलं तरी चालेल. वर डॉकटाइपची ओळ (हे एचटीएमएलचं पान आहे असं सांगणारी), मग एचटीएमएल, त्यात हेड (पानाबद्दलची माहिती) आणि बॉडी (दिसणारा मजकूर). हेडमध्ये कॅरसेटची, म्हणजे अक्षरं कोणत्या पद्धतीने साठवली आहेत ते सांगणारी ओळ आणि टायटल. बॉडीत एच-वनमध्ये ‘पायथागोरसचा सिद्धांत’, खाली पी टॅगमध्ये विधान. सिद्धतेच्या पायऱ्या मात्र परिच्छेदांत नकोत. त्यांना क्रम आहे, तिसरी पायरी दुसरीच्या आधी येऊ शकत नाही, म्हणून त्या ओएलमध्ये, प्रत्येक पायरी एका एलआयमध्ये. आकडे ब्राउझर स्वतः घालतो. मधे एखादी पायरी घुसवलीत तर पुढचे आकडे आपोआप सरकतात. वर्गाचा २ वर चढवायला सप टॅग. अपूर्णांक आणि करणी हवी असेल तर मॅथएमएल नावाची जोडभाषा आहे. क्रोममध्येही २०२३ पासून ती चालते, त्यामुळे सूत्रांची चित्रं काढून चिकटवायची वेळ आता येत नाही. फाइलच्या नावाला शेवटी डॉट एचटीएमएल लावा आणि तिच्यावर दोनदा क्लिक करा.

विधान, पक्ष, साध्य, सिद्धता असं मजकुराचं अंग ओळखत तुम्ही फळ्यावर उभी हयात काढलीत. या भाषेतलं अवघड काम तेच आहे, आणि ते तुमच्या हाताला आहे.

मी दुसऱ्या वर्षाला शिकते. सगळे टॅग पाठ आहेत, पण कोरं पान समोर आलं की हात थांबतो. शेवटी सगळं डिव्हमध्ये टाकते आणि सीएसएसने सजवते. पान छान दिसतं, तरी आमचे सर गुण कापतात. माझं चुकतं कुठे?

हीच चूक मी केली आहे आणि ती मला एका फोनमुळे कळली, म्हणून तुला सविस्तर सांगते.

एका ग्रंथालयासाठी मी सूचीचं पान केलं होतं. लांबलचक पान, त्यात अकरा विभाग. प्रत्येक विभागाचं नाव डिव्हमध्ये, त्याला क्लास (सीएसएसने ओळखायचं गटाचं नाव) देऊन अक्षर मोठं, ठळक, गडद निळं. दिसायला नेटकं. आठवड्याभराने एका वाचकाचा फोन आला. म्हणाले, “तुमच्या पानावर एकही मथळा नाही.” मी म्हटलं, “अहो, अकरा आहेत, निळ्या अक्षरात.” ते म्हणाले, “थांबा, ऐकवतो.” त्यांना दिसत नव्हतं. ते एनव्हीडीए वापरत, पडद्यावरचा मजकूर मोठ्याने वाचून दाखवणारा हा प्रोग्रॅम फुकट मिळतो. त्यात कळफलकावरचं एच दाबलं की वाचन पुढच्या मथळ्यावर उडी मारतं. त्यांनी फोन स्पीकरपाशी धरला आणि एच दाबलं. यंत्राचा आवाज आला: पुढे मथळा नाही. पुन्हा दाबलं, पुन्हा तेच. अकराव्या विभागातलं एक पुस्तक शोधायला त्यांना आधीचे दहा विभाग अथपासून इतिपर्यंत ऐकावे लागत होते.

त्या रात्री मी ते अकरा डिव्ह बदलून एच-टू केले. क्लास तसेच ठेवले. डोळ्यांना पानात तसूभरही फरक दिसला नाही. तोच निळा रंग, तोच आकार. दुसऱ्या दिवशी त्यांना फोन केला, त्यांनी एच दाबलं आणि विभागांची नावं एकामागून एक ऐकू आली. मी खुर्चीतून उठून उभी राहिले होते, ते मला फोन ठेवल्यावर कळलं.

आता तुझं बघू. डिव्ह म्हणजे नाव नसलेला डबा. तो ब्राउझरला आत काय आहे हे सांगत नाही. ठळक, मोठं, निळं हे सीएसएस डोळ्यांना सांगतं, पण ‘हा मथळा आहे’ हे फक्त एचटीएमएल सांगू शकतं. हेच बटनाचं. डिव्हला रंग देऊन, कोपरे गोल करून बटन दिसेलसं करता येतं, पण टॅब दाबत गेलीस तर त्याच्यावर थांबता येत नाही आणि एंटर दाबून ते चालत नाही. बटन टॅग घेतलास की हे सगळं आयतं येतं. अर्जातल्या रकान्याशेजारी नुसता ‘नाव’ हा शब्द लिहू नकोस. तो लेबल टॅगमध्ये घाल आणि फॉर या गुणधर्माने रकान्याच्या आयडीशी, म्हणजे फक्त त्यालाच दिलेल्या नावाशी, जोड. मग त्या शब्दावर बोट ठेवलं तरी कर्सर रकान्यात जातो. हात थरथरणाऱ्या माणसाला तेवढा मोठा नेम फार उपयोगी पडतो.

कोऱ्या पानाची भीती जाईल असा एक उपाय सांगते, माझ्याकडे शिकायला येणाऱ्यांकडून मी तोच करून घेते. संगणक बंद. जे पानावर टाकायचं आहे ते कागदावर लिही आणि मोठ्याने वाच. दर तुकड्यापाशी थांबून ‘हे काय आहे?’ असं विचार. ‘हे कसं दिसेल?’ हा प्रश्न अजून मनात येऊ द्यायचा नाही. हे पानाचं नाव. ही दुवे असलेली यादी. हा मुख्य मजकूर. हे चित्र, ही चित्राखालची ओळ. हा तक्ता, ही त्याची शीर्षं. उत्तर समासात मराठीतच लिही. मग एकेका उत्तराला टॅग शोध: एच-वन, नॅव, मेन, फिगर, फिगकॅप्शन, टेबल, टीएच. शोधूनही जिथे काहीच सापडणार नाही तिथे डिव्ह घे, त्यात काही गैर नाही. आजच्या मानकात शंभरावर टॅग आहेत. मला रोज लागतात ते पंचवीस-तीस. बाकीचे पाठ करण्यात वेळ घालवू नकोस.

पान झालं की सीएसएसची फाइल जोडायच्या आधी ते तसंच उघड. काळं-पांढरं, रुक्ष दिसेल. पण मथळे मोठे, यादीला ठिपके, दुवे निळे, आणि वरून खाली वाचत गेलं की अर्थ लागतो, असं असेल तर तुझं एचटीएमएल बरोबर आहे. सरांनाही तेच पान दाखव.

मी सूचनेचा रंग लाल लिहिला आहे, तरी ती काळीच दिसते. फाइल साठवली, ब्राउझर बंद करून उघडला. सीएसएस मनमानी करतं असं वाटायला लागलंय.

मनमानी नाही, तिथे निवाडा चाललेला असतो. तुम्ही सोबत पाठवलेल्या फाइलवरून सांगते. वर एक नियम आहे: ‘मुख्य’ आयडीच्या आतले सगळे परिच्छेद काळे. खाली दुसरा: ‘सूचना’ क्लास असलेलं काहीही लाल. तुमची सूचना ही ‘मुख्य’च्या आतला परिच्छेदही आहे आणि तिला ‘सूचना’ क्लासही आहे. दोन्ही नियम तिच्यावर हक्क सांगतात. अशा वेळी ब्राउझर वजन करतो. आयडीचं वजन सर्वांत जास्त, मग क्लास, मग नुसतं टॅगाचं नाव. एका आयडीपुढे कितीही क्लास आले तरी आयडीच जिंकतो. वजन सारखं पडलं तर जो नियम फाइलमध्ये नंतर आला तो चालतो. तुमचा लाल खाली आहे, पण वजनात कमी पडला.

सीएसएसमधला पहिला सी ‘कॅस्केडिंग’चा आहे. हॉकॉन व्हिउम ली यांनी ऑक्टोबर १९९४ मध्ये हा प्रस्ताव मांडला तेव्हापासून हा शब्द नावात आहे. पानाच्या रूपाबद्दल लेखकाचं म्हणणं असेल, वाचकाचंही असेल, ब्राउझरचं स्वतःचंही असेल. पाण्यासारखे एकावर एक पडणारे हे सगळे नियम एकत्र येऊन शेवटी एक उत्तर ठरावं, ही त्यातली मूळ कल्पना. डिसेंबर १९९६ मध्ये पहिलं मानक आलं, त्यातही हा निवाडा होता.

तुमच्यापुरता इलाज: सजावटीसाठी आयडी वापरणं सोडा. ‘मुख्य’लाही क्लास करा. दोन क्लासांचा सामना बरोबरीचा होतो. मात्र ‘मुख्य’च्या नियमात क्लास आणि पी असे दोघे मिळून वजन अजून किंचित जास्त राहील, म्हणून काळा रंग परिच्छेदांना देण्याऐवजी ‘मुख्य’लाच द्या. आतल्या परिच्छेदांना तो वारशाने मिळतो, आणि वारशाने आलेला रंग थेट सांगितलेल्या रंगापुढे नेहमी माघार घेतो. नियमाला बाकीच्यांवर मात करायला लावणारा ‘इम्पॉर्टंट’ हा शब्द लावून तात्पुरतं काम होईल, पण मग पुढच्या प्रत्येक बदलाला तेच लावत बसाल.

एफ-ट्वेल्व्ह दाबायची सवयही लावून घ्या. सूचनेवर उजवं क्लिक करून ‘इन्स्पेक्ट’ निवडा. तिला लागू होणारे सगळे नियम बाजूला दिसतात, हरलेल्यांवर आडवी रेघ असते. तुमचा लाल रंग खोडलेला दिसेल आणि त्याच्या वरच जिंकलेला काळा. तिथे पिवळा त्रिकोण दिसला तर समजा, लिहिण्यात चूक आहे. बहुतेकदा अर्धविराम राहिलेला असतो. रंगाच्या ओळीचा अर्धविराम राहिला आणि पुढच्या ओळीत मार्जिन (चौकटीबाहेरची मोकळी जागा) असलं, तर ब्राउझर दोन्ही ओळी एकच समजतो, त्याला अर्थ लागत नाही, आणि रंग आणि मार्जिन दोन्ही गळतात. तक्रार करत नाही, मुकाट्याने सोडून देतो. नव्या माणसाला सीएसएस लहरी वाटतं ते यामुळेच.

चौकटीची रुंदी ३०० पिक्सेल दिली आहे, तरी ती शेजारच्या चौकटीवर चढते. मोजली तर ३४४ भरते. हे ४४ कुठून आले?

पॅडिंग (मजकूर आणि कड यांच्यातली जागा) २० डावीकडे, २० उजवीकडे. बॉर्डर (कड) २ इकडे, २ तिकडे. झाले ४४. सीएसएसमध्ये रुंदी म्हणजे मुळात आतल्या मजकुराची रुंदी. पॅडिंग आणि बॉर्डर तिच्या बाहेर धरतात. ‘बॉक्स-सायझिंग’ हा गुणधर्म ‘बॉर्डर-बॉक्स’ केला की ३०० मध्ये सगळं धरलं जातं आणि मजकुराला २५६ उरतात. मी प्रत्येक कामात ही ओळ सर्वांत वर, सगळ्या टॅगांना लागू करून टाकते. मार्जिन मात्र तेव्हाही बाहेरच राहतं.

मराठी मजकुराचं पान केलं. माझ्या संगणकावर ठीक, मित्राकडे अक्षरांच्या जागी भलतीच चिन्हं. ती दुरुस्त झाली तर आता शब्द तुटक दिसतात आणि वेलांट्या वरच्या ओळीला भिडतात. देवनागरीसाठी वेगळं सीएसएस असतं का?

वेगळं नसतं, पण बरंचसं सीएसएस रोमन अक्षरं डोळ्यांपुढे ठेवून लिहिलं जातं, आणि ते आपण जसंच्या तसं उचललं की असं होतं. मुद्रितशोधनाच्या दिवसांपासून तुटलेला काना दिसला की मला चैन पडत नाही, म्हणून या प्रश्नाला जरा जास्त जागा देते.

आधी भलती चिन्हं. यूटीएफ-८ पद्धतीत देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला तीन बाइट लागतात. ‘म’ घ्या. सोळाच्या पायावर त्याचे तीन बाइट येतात ई-शून्य, ए-चार आणि ए-ई. फाइल यूटीएफ-८ आहे हे ब्राउझरला कळलं नाही आणि त्याने ती जुन्या पाश्चात्त्य पद्धतीने वाचली, तर तो दर बाइटाला एक अक्षर समजतो. एका ‘म’च्या जागी तीन चिन्हं येतात: डोक्यावर तिरकी रेघ असलेला रोमन ए, चार पाय फुटलेलं छोटं वर्तुळ, आणि वर्तुळातला आर. देवनागरी अक्षरांचा पहिला बाइट एकच असल्यामुळे तो तिरक्या रेघेचा ए पानभर पुन्हा पुन्हा दिसतो. तो दिसला की समजावं, मजकूर शाबूत आहे, वाचण्याची पद्धत चुकली आहे. हेडमध्ये अगदी पहिली ओळ मेटा कॅरसेट यूटीएफ-८ ही ठेवा आणि फाइल साठवतानाही तीच पद्धत निवडा.

तुटक शब्दांचं कारण तुमच्या सीएसएसमध्ये ‘लेटर-स्पेसिंग’ आहे. रोमन अक्षरं सुटी असतात, त्यांच्यात फट वाढवली तर मथळा ऐसपैस वाटतो. आपल्या शब्दाला वरून शिरोरेषेने बांधलेलं आहे. ती फट पडली की रेघ तुटते आणि ‘महाविद्यालय’चे सुटे तुकडे होतात. देवनागरीला लेटर-स्पेसिंग शून्यच हवं. मथळा उठून दिसायला आकार आणि जाडी वाढवा, भोवती मोकळी जागा सोडा.

वेलांट्यांचं कारण ‘लाइन-हाइट’. तुम्ही १.२ दिलं आहे. इंग्रजीला ते चालून जातं. आपल्याकडे ओळीच्या वर वेलांटी, मात्रा, रफार, अनुस्वार, आणि खाली उकार, ऋकार. वरच्या ओळीतल्या ‘पूर्ती’चा ऊकार आणि खालच्या ओळीतल्या ‘कीर्ती’चा रफार एकमेकांच्या वाटेत येतात. मी मजकुराला १.७ देते, मथळ्याला १.४. आकड्यापुढे पिक्सेल लिहू नका, नुसता आकडा ठेवा, म्हणजे अक्षर मोठं केलं की ओळीतलं अंतरही त्या प्रमाणात वाढतं. मथळ्याच्या चौकटीला ‘ओव्हरफ्लो हिडन’ (चौकटीबाहेर आलेलं लपवा) लावलेलं असेल तर मात्रा वरून छाटल्या जातात, तेही तपासा. तिरपी अक्षरंही टाळा. फॉन्टमध्ये तिरपं वळण नसतं तेव्हा ब्राउझर सरळ अक्षर नुसतं कलतं करतो. जोर द्यायचा असेल तर ईएम टॅग जरूर वापरा, पण त्याचं रूप सीएसएसमध्ये ठळक किंवा वेगळ्या रंगाचं ठरवा.

आणि एचटीएमएल टॅगात लँग या गुणधर्माची किंमत एम-आर लिहा. दोन अक्षरांचं काम, फळ मोठं. वाचून दाखवणाऱ्या प्रोग्रॅमला मराठी उच्चारांचा आवाज घ्यायचा हे कळतं. ज्या फॉन्टांत मराठी वळणाचे ‘ल’ आणि ‘श’ वेगळे दिलेले असतात, तिथे ते मराठी वळणाने उमटतात. आपलं ‘ल’ आपल्या वळणाचं दिसलं की पान परकं वाटत नाही.

ग्रंथालयातून १९९८ सालचं एक जाड पुस्तक आणलं आहे. त्यात पानाची मांडणी टेबलाने आणि रंग फॉन्ट टॅगने करायला सांगितलं आहे. तसंच शिकू का?

मथळे, परिच्छेद, याद्या, दुवे यांची प्रकरणं वाचा, ती अजून खरी आहेत. मांडणीचं प्रकरण सोडा. त्या काळी सीएसएस ब्राउझरांत धड चालत नव्हतं म्हणून लोकांनी टेबलाचा आधार घेतला, त्यांच्यापुढे दुसरा मार्ग नव्हता. आज एका ओळीत गोष्टी रांगेने लावायला फ्लेक्सबॉक्स आहे आणि उभ्या-आडव्या दोन्ही अंगांनी पान आखायला ग्रिड. मार्च २०१७ मध्ये फायरफॉक्स, क्रोम आणि सफारी यांच्यात ग्रिड एकाच महिन्यात आलं. छापखान्यात पानाचे स्तंभ आखताना जशी पट्टी धरायचो तसंच ते आहे. मला ते शिकायला दोन संध्याकाळी लागल्या. टेबल टॅग मोडीत काढू नका. आकड्यांचा तक्ता असेल तिथे तोच हवा.

आता एआयच्या यंत्राला सांगितलं की तेच पान लिहून देतं. मग हे हाताने शिकायचं कशाला?

मीही त्याची मदत घेते. परवा एका लांब अर्जाचा सांगाडा त्याच्याकडून करून घेतला, वेळ वाचला. पण दिसायला नीट असलेल्या त्या अर्जात तीन रकान्यांची लेबलं जोडलेलीच नव्हती, आणि चित्राच्या ऑल्ट मजकुरात नुसतं ‘चित्र’ असं लिहिलेलं होतं. ऑल्ट हे ज्याला चित्र दिसत नाही त्याच्यासाठी असतं. ‘चित्र’ म्हणून त्याला काय कळणार? मला हे सापडलं, कारण मी ओळन् ओळ वाचू शकते. जो वाचू शकत नाही त्याच्या पानावर ते तसंच राहील आणि कुणीतरी त्या अर्जापाशी अडून माघारी जाईल. मुद्रितशोधक लेखकाइतकं लिहीत नसतो, पण त्याला भाषा येत नसेल तर चूक सापडत नाही. निदान वाचण्यापुरतं तरी शिकाच, आणि ते लिहूनच येतं. पहिली दहा पानं हाताने करा, मग यंत्राकडून हवं ते करून घ्या.

संगणकावर माझं पान ठीक दिसतं, फोनवर मात्र अख्खं पान आकसून अक्षरं मुंगीएवढी होतात. मीडिया क्वेरी लिहिली, ती लागूच होत नाही.

हेडमध्ये व्ह्यूपोर्टची, म्हणजे पान किती रुंदीवर मांडायचं ते सांगणारी ओळ नाही. ती नसली की फोन समजतो, हे पान मोठ्या पडद्यासाठी केलं आहे. मग तो ते सुमारे ९८० पिक्सेल रुंदीवर मांडतो आणि आकसून दाखवतो. तुमची मीडिया क्वेरी, म्हणजे पडद्याच्या रुंदीप्रमाणे लागू होणारा सीएसएसचा नियम, ६०० पिक्सेलच्या आतल्या पडद्यासाठी आहे आणि फोन सांगतोय ९८०, त्यामुळे ती कधी लागूच होत नाही. क्वेरी बरोबर लिहिली आहे, तिला हात लावू नका. मेटा टॅग घ्या, नेम व्ह्यूपोर्ट, कंटेंटमध्ये विड्थ बरोबर डिव्हाइस-विड्थ, स्वल्पविराम, इनिशियल-स्केल बरोबर १. काहीजण याच ओळीत बोटांनी मोठं करण्याची सोय बंद करतात. ते करू नका, कमी दिसणाऱ्यांना ती लागते. कॅरसेटच्या ओळीखाली ही ओळ ठेवा, फाइल साठवा आणि फोनवर पान पुन्हा उघडा.